‘खाली बस’ म्हटलं की मुलं उठतात!

पहिलीचा वर्ग. ४८ मुलं, दोन शिक्षिका आणि सतत कुणी ना कुणी जागेवरून उठलेलं. हा वर्ग अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला, १९६०च्या दशकातला. वेस्ली बेकर, चार्ल्स मॅडसन हे संशोधक आणि त्यांचे सहकारी तिथे दोन गोष्टी मोजत होते : मुलं किती वेळा उठतात आणि बाई किती वेळा ‘खाली बस’ म्हणतात. मग त्यांनी शिक्षिकांना विनंती केली, काही दिवस हे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळा म्हणा.

उठणं कमी व्हायला हवं होतं ना? ते वाढलं! बाईंनी बोलणं पूर्ववत केलं, तसं उठणंही खाली आलं. शेवटी उठणाऱ्यांकडे काणाडोळा करून, जागेवर बसून काम करणाऱ्यांना बाई शाबासकी देऊ लागल्या, तेव्हा कुठे वर्ग स्थिरावला.

खरी मेख पुढेच आहे. ‘खाली बस’ म्हटल्यावर मूल लगेच बसायचं. त्यामुळे बाईंना वाटायचं, आपल्या ओरडण्याचा उपयोग होतो. मुलाला मात्र एवढ्या मोठ्या वर्गात दोन क्षण बाईंची नजर मिळायची. ती पुन्हा हवी असेल, तर पुन्हा उठायचं. बेकर याला रागावण्याचा सापळा म्हणत. दोघंही त्यात अडकलेले आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही!

पण प्रत्येक खोडी लक्ष वेधण्यासाठी नसते. मग कारण ओळखायचं कसं? १९६८ साली सिडनी बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थक्क करणारी साधी पद्धत मांडली. कागदावर तीन रकाने आखायचे : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. समजा नोंद अशी आहे : बाईंनी भागाकाराची उदाहरणं दिली, मुलानं पेन्सिल भिरकावली, बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. आठवडाभर हेच दिसलं आणि चित्रकलेच्या तासाला पेन्सिल एकदाही उडाली नाही, तर उलगडा होऊ लागतो. बाईंच्या लेखी जी शिक्षा, ती त्याच्या लेखी भागाकारातून सुटका! अशा मुलाला बाहेर काढलं की पेन्सिल उद्याही उडणार. त्याला हवी असतात सुरुवातीला जमण्याजोगी दोन उदाहरणं आणि ‘बाई, मला येत नाही’ म्हणण्याची मुभा. तीच पेन्सिल दुसऱ्या मुलानं मित्रांना हसवण्यासाठी फेकली असेल, तर उपाय वेगळा. म्हणून ‘हट्टी’, ‘उनाड’ असे शिक्के मारण्याआधी हे रकाने भरायला हवेत. आणि फळा नीट दिसतो का, ऐकू येतं का, घरी काही बिनसलंय का, हेही विचारायला हवं.

मात्र रकाना भरायला आधी मुलाकडे नजर जायला हवी, आणि ती आपसूक जाते गोंधळ घालणाऱ्यांकडे. कोपऱ्यात गप्प बसणारी, मधल्या सुट्टीत एकटी राहणारी, उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी ‘शहाणी’ ठरते. हिल वॉकर आणि हर्बर्ट सेव्हरसन या संशोधकांनी १९९०मध्ये मदतीची गरज असलेली मुलं हेरण्याची एक चाळणी प्रसिद्ध केली, तिच्यात यावर सुरेख तोड होती. शिक्षकांनी दोन याद्या करायच्या : त्रास बाहेर दाखवणाऱ्या मुलांची आणि तो आतल्या आत ठेवणाऱ्या मुलांची. दोन्ही याद्यांतल्या पहिल्या तीन-तीन मुलांकडे बारकाईनं पाहायचं. गरजेप्रमाणे पुढे वर्गात आणि मैदानावर प्रत्यक्ष निरीक्षण. दुसरी यादी सक्तीची केल्यामुळे गप्प मुलांच्या वाट्यालाही प्रौढांची नजर आली.

या साऱ्यात महागडं यंत्र कुठेच नाही. वर्गातली सर्वात प्रभावी गोष्ट, म्हणजे शिक्षकाचं लक्ष, ते कुठे आणि केव्हा द्यायचं, एवढाच हा शोध. भरगच्च वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांवर दोष ढकलण्यासाठी हे सांगायचं नाही. उलट, त्यांच्या हाती केवढी ताकद आहे, हे त्यांनाच कुणी सांगितलेलं नसतं. उद्या एखादं मूल नकोसं वाटू लागलं, तर आठवडाभर ते तीन रकाने भरून पाहावेत आणि ते मूल नीट वागत असतानाचा एखादा क्षण हेरून तेव्हाच त्याचं नाव घ्यावं. बदलाची सुरुवात तिथून करता येते.