भुलाबाईची बोटभर खिरापत

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मुली मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडून गाणी म्हणतात व झाकलेली खिरापत ओळखावयास लावतात. गतवर्षी आमच्या नातीने भुलाबाईपुढे मांडण्याकरिता पॉलिमर क्लेची, बोटाच्या पेराएवढी खिरापत केली. ही माती केवळ नावाची. वस्तुतः पीव्हीसी व त्यास मऊपणा आणणारे द्रव्य यांची ती कणीक होय. ती हवेने वाळत नाही. सुमारे १३० अंश सेल्सिअसवर अर्धा तास भाजावी लागते. करपल्यास घातक धूर निघतो, म्हणून सूनबाईंनी स्वयंपाकाचा ओव्हन दिला नाही, हे योग्यच झाले. याकरिता निराळा आणिला.

लाडू, करंज्या चटकन साधल्या. ज्वारीची भाकरी मात्र अडली. "आजोबा, भाकरी रोज खाल्ली, पण पाहिलीच नाही," असे म्हणून ती आजीच्या चुलीपाशी जाऊन बसली. पापुद्रा कोठे फुगतो, डाग कोठे पडतात, हे तिने न्याहाळिले. मग दात घासण्याच्या ब्रशाने खरबरीतपणा आणून तपकिरी खडूच्या पुडीने डाग दिले. चौथी भाकरी साधली.

भुलाबाई पाण्यात विरघळली. ही खिरापत विरघळणारी नव्हे, म्हणून विसर्जनापूर्वीच काढून घेतली. धाकट्या नातवाने खरी समजून तोंडात घालू नये, यास्तव ती सध्या माझ्या अमरकोशाशेजारी वरच्या फळीवर आहे.