हिरवळीचा पाणीहिशेब

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने १९८०च्या भूजल कायद्यात धरलेलं धोरण मला फार मोलाचं वाटतं: फिनिक्ससारख्या नियंत्रित पट्ट्यात नवी वसाहत उभारायची, तर १०० वर्षं पुरेल इतक्या पाण्याची हमी आधी दाखवा. २०२३ साली भूजलाचा अंदाज तुटीचा निघाला आणि निव्वळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींची मंजुरी थांबली. वसाहतीतल्या गोल्फ मैदानालाही हीच कठोरता हवी. ४० हेक्टर हिरवळीवर २५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे १ कोटी लिटर, आणि वाळवंटी उन्हाळ्यात तेवढं आठवडाभरही पुरत नाही.

शेती याहून कितीतरी जास्त पाणी पिते, हा आक्षेप खराच आहे. पण दुष्काळात शेत एखादा हंगाम पडीक ठेवता येतं; मैदानाकडे तोंड करून विकलेल्या घरांची किंमतच हिरवळीला बांधलेली असते, त्यामुळे तिथली मागणी सहजी हटत नाही. मग शुद्ध केलेलं सांडपाणी वापरा, असं सुचवलं जातं. ते जरूर वापरावं, मात्र त्यातले क्षार मातीत साठतात, शिवाय तेच पाणी जमिनीत मुरवून भूजल भरता आलं असतं. म्हणून आधी गवताचं क्षेत्र घटवावं आणि चेंडू क्वचितच पडतो तिथे स्थानिक वाळवंटी झुडपं लावावीत.