आजाराला कारण असतं : ग्रीक वैद्यकाची गोष्ट



घरात कुणाला आकडी आली, म्हणजे फिट आली, की काय धावपळ उडते ते आठवा. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी म्हणतं, “बाहेरचं काहीतरी आहे, उतारा टाका.” आजची गोष्ट याच आजारापासून सुरू होते. पण ती घडली दूर ग्रीस देशात, सुमारे २,४०० वर्षांपूर्वी.

त्या काळी ग्रीक लोक आकडीला ‘पवित्र रोग’ म्हणत. देवाचा कोप झाला की माणूस असा पडतो, अशी समजूत होती. मांत्रिक तर कोणता देव कोपला तेही सांगत. रोगी बकरीसारखा ओरडला तर देवमाता, घोड्यासारखा ओरडला तर समुद्राचा देव पोसायडन. मग मंत्र, शुद्धी आणि बंधनं. अंघोळ करायची नाही, काळे कपडे घालायचे नाहीत, बकरीच्या कातड्यावर झोपायचं नाही, पायावर पाय ठेवायचा नाही.

तेव्हा एका वैद्यानं या आजारावर पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. हा आजार इतर आजारांसारखाच आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण मेंदूत आहे. बकरीच्या कातड्यानं आकडी येत असती, तर लिबियाच्या आतल्या भागातले लोक सगळेच आजारी पडले असते. ते तर बकरीच्या कातड्यावरच झोपतात आणि तिचंच मांस खातात! मांत्रिकांची चलाखीही त्यानं उघड केली. रोगी बरा झाला तर श्रेय मांत्रिकाचं, मेला तर देवाची मर्जी. म्हणजे मांत्रिक कधी चुकतच नाही.

हे पुस्तक हिप्पोक्रेटिसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सुमारे साठ ग्रंथांपैकी एक. हिप्पोक्रेटिसचा जन्म इ. स. पू. ४६०च्या सुमारास कॉस बेटावर झाला. हे सगळे ग्रंथ त्यानं एकट्यानं लिहिलेले नाहीत, त्यांत अनेक वैद्यांचा हात आहे. देवळंही बंद पडली नव्हती बरं का! एपिडॉरस इथे आरोग्यदेव अ‍ॅस्क्लेपियसचं मोठं देऊळ होतं. रोगी तिथे रात्री झोपत आणि स्वप्नात देव येऊन बरं करतो असं मानत. लोक देवळातही जात आणि वैद्याकडेही जात.

मग वैद्यांनी नवीन काय केलं? ते रोग्याजवळ बसले आणि रोजचं रोज लिहीत गेले. ताप कधी चढला, झोप लागली का, लघवी कशी झाली, बोलणं भरकटलं का, हातपाय गार पडले का. ‘साथीचे रोग’ नावाच्या त्यांच्या पुस्तकांपैकी दोन पुस्तकांत अशा ४२ रोग्यांच्या नोंदी आहेत. त्यांतले २५ रोगी दगावले आणि तेही लपवलेलं नाही. उपचार फसला हे लिहून ठेवलं, तरच पुढचा माणूस शिकतो.

त्या नोंदींत एक बाळंतीण आहे. मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि सहाव्या दिवशी ती गेली. तिचं नाव मात्र कुठेच नाही. ‘द्रोमेआदीसची बायको’ एवढीच तिची ओळख.

बायकांच्या आजारांवरच्या ग्रंथात एका वैद्यानं मोलाची गोष्ट लिहिली आहे. बायका लाजेपोटी दुखणं सांगत नाहीत. वैद्यही नीट विचारत नाहीत आणि पुरुषाचा आजार समजून औषध देतात. त्यात कितीतरी बायकांचा जीव जातो. वाचून वाटतं, कालच कुणीतरी लिहिलंय!

पण हेच वैद्य स्वतःही मोठी चूक करत होते. गर्भाशय शरीरात वर-खाली फिरतं, असं ते मानत. ते जागेवर आणायला बाईच्या नाकाशी घाण वास धरत आणि खालून सुगंधी धुरी देत. ही समजूत कित्येक शतकं टिकली. पुढे इ. स. १००च्या सुमारास सोरानस नावाच्या ग्रीक वैद्यानं ठाम लिहिलं, की गर्भाशय काही जनावरासारखं हिंडत नाही. त्यानं चांगल्या सुईणीची लक्षणंही दिली आहेत. तिला लिहिता-वाचता यावं, तिची नखं कापलेली असावीत आणि स्वप्न किंवा अपशकुनाच्या भीतीनं तिनं उपचार टाळू नये.

अशा जाणत्या बायका ग्रीसमध्ये होत्याच. अथेन्सजवळ फानोस्त्राते नावाच्या बाईची समाधी सापडली आहे, इ. स. पू. चौथ्या शतकातली. तिच्यावर ‘सुईण आणि वैद्य’ असं कोरलेलं आहे. तिनं कुणाला त्रास दिला नाही आणि ती गेल्यावर सगळे हळहळले, असंही त्यावर लिहिलंय. द्रोमेआदीसच्या बायकोचं नाव हरवलं, हिचं मात्र दगडावर राहिलं.

ग्रीकांची बरीच औषधं आज चुकीची ठरली आहेत. पण कारण शोधायचं, नीट पाहायचं आणि खरं लिहायचं, ही त्यांची रीत अजून टिकून आहे. ती आपल्याही घरात चालते. कुणाला आकडी आली तर रोग्याला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्या. थांबली तरी डॉक्टरांना दाखवाच. आकडी कधी आली, किती वेळ टिकली, आधी काय झालं होतं, हे वहीत लिहा आणि ती वही सोबत न्या. रोज गोळ्या घेऊन पुष्कळ जणांची आकडी आटोक्यात राहते.

आणि आपलं स्वतःचं दुखणं? अंगावरून जाणं, ओटीपोटात कळ, जळजळ. तेही लाजून गिळू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा : “तू कधीपासून सांगितलं नाहीस?”