आज्ञेच्या ओळींतील शब्द

मावळांतील उर्से हें गांव मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरील टोलनाक्यामुळें पुष्कळांस ठाऊक आहे. नाक्यावर दिवसभर नियम एकच. परंतु मोटार आली, बस आली कीं मालट्रक आला, हें कळल्यावांचून टोलाचा आंकडा ठरत नाहीं. संगणकास काम सांगतांनाही अशीच व्यवस्था उपयोगी पडते, आणि तिचाच विचार आम्हीं येथें योजिला आहे.

पायथन ही भाषा नेदरलँड्स देशांतील गीडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. समजा, दिवसाचा पाऊस ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं इशारा देणारा एक प्रोग्रॅम आम्हीं तींत लिहिला. मर्यादा त्याच्या पोटांतच लिहून ठेवली, तर लोणावळ्यास जो आंकडा शोभेल तो उर्से गांवास शोभणार नाहीं. घाटमाथ्यावर पाऊस कितीतरी अधिक. दर वेळीं प्रोग्रॅम उघडून आंकडा बदलणें म्हणजे येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठीं नाक्याचा फलक नव्यानें रंगविण्यासारखें होय! त्यापेक्षां आज्ञेच्या ओळींतच तो सांगावा:

पायथन पाऊस.पीवाय उर्से ६४.५ १००

येथें गांव, मर्यादा व आजचा पाऊस असे तीन शब्द आम्हीं दिले. (भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाल्यास पाऊस जोरदार मानतो.) हे शब्द 'सिस' नामक भागांतील 'आर्गव्ही' या यादींत जाऊन बसतात. यादीची मोजणी शून्यापासून होते, आणि शून्याच्या जागीं प्रोग्रॅमचें स्वतःचेंच नांव असतें. म्हणून गांव पहिल्या, मर्यादा दुसऱ्या व पाऊस तिसऱ्या जागीं सांपडेल. शब्द तोडण्याचें काम मात्र पायथन करीत नाहीं. आज्ञा वाचणारें शेल मोकळी जागा पाहून तें करतें. यास्तव 'वडगांव मावळ' असें दोन शब्दांचें नांव अवतरणचिन्हांत घालावें, नाहीं तर गांवाचीं दोन गांवें होतील.

आतां खरी मेख. यादींतील प्रत्येक वस्तु अक्षरांची माळ असते, संख्या नव्हे. माळांची तुलना कोशांतील शब्दांप्रमाणें पहिल्या अक्षरापासून होते. १ हें अक्षर ६ च्या आधीं येतें, म्हणून १०० हे ६४.५ पेक्षां लहान ठरतात! पायथन तक्रार करीत नाहीं, प्रोग्रॅम सुखानें संपतो, आणि पवनेच्या खोऱ्यांत मुसळधार कोसळत असतांही इशारा मिळत नाहीं. उघड चूक बरी, पण ही निमूट चूक घातक. उपाय सोपा: तुलनेपूर्वीं दोन्ही आंकडे 'फ्लोट' मधून काढून घ्यावेत. 'इंट' येथें चालणार नाहीं. तें दशांशाची माळ नाकारतें. मौजेची गोष्ट ही कीं, आंकडे देवनागरींत लिहिले तरी फ्लोट ते बिनतक्रार ओळखतें.

शब्द वाढूं लागले म्हणजे जागा मोजीत बसणें त्रासाचें होतें. २०१० सालच्या पायथन २.७ पासून 'आर्गपार्स' हा भाग भाषेबरोबरच मिळूं लागला. त्यास प्रत्येक शब्दाचें नांव व प्रकार आधीं सांगून ठेवावा. मग मर्यादेच्या जागीं कोणीं 'पुष्कळ' असें लिहिलें, तर तो चूक दाखवून तेथेंच थांबतो, आणि 'हेल्प' म्हटल्यास सर्व शब्दांची माहिती छापून देतो. मात्र 'टाइप' या नांवानें प्रकार सांगावयाचा राहिला, तर आर्गपार्सही आंकड्यास अक्षरांची माळच समजतो.