केनियाची सफारी, दादरचं बुकिंग: पैसे कधी, कसे आणि कोणाच्या नावावर भरायचे?

ऑगस्टमध्ये मसाई मारात विल्डबीस्ट आणि झेब्र्यांचे कळप मारा नदी ओलांडतात. ते बघायला दादर-गिरगावातून निघणारे प्रवासी पहिला हप्ता मात्र डिसेंबर-जानेवारीतच भरून मोकळे झालेले असतात. म्हणजे पैसे गेले हिवाळ्यात आणि सिंह दिसणार पावसाळ्यात. मधले सात-आठ महिने ते पैसे कोणाकडे असतात, हा प्रश्न पहिल्यांदा परदेशी निघालेलं घर सहसा विचारत नाही. घरात चर्चा होते ती जॅकेट कोणतं घ्यायचं आणि खाकरे किती न्यायचे याची.

सफारी हा शब्द आपल्याला परका नाही. अरबी ‘सफर’ स्वाहिलीत गेला आणि तिथे सफारी झाला, फारसीतून मराठीत आला तो सफर म्हणूनच राहिला. एके काळी सफारी म्हणजे वाटाड्या घेऊन केलेली शिकार. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, केनियाने १९७७मध्ये बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण वाटाड्या, जीप आणि आगाऊ रक्कम या तीन गोष्टी तशाच राहिल्या.

फोर्टमधली १७५८ची कंपनी

आगाऊ भरलेल्या पैशांचं काय होऊ शकतं, याचं उदाहरण गिरगावापासून हाकेच्या अंतरावर आहे. फोर्टमधल्या बँक स्ट्रीटवरच्या टर्नर मॉरिसन इमारतीत कॉक्स अँड किंग्ज या कंपनीचं मुख्यालय होतं. स्थापना १७५८ची, म्हणजे प्लासीच्या लढाईनंतर वर्षभराने. यापेक्षा जुनी आणि भरवशाची कंपनी शोधूनही सापडली नसती.

जून २०१९मध्ये या कंपनीला अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांचे पैसे वेळेवर देता आले नाहीत. पुढच्या काही महिन्यांत सहली रद्द होत गेल्या. ऑक्टोबर २०१९मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि डिसेंबर २०२१मध्ये कंपनी विकून-मोडून टाकण्याचा आदेश दिला.

अशा वेळी ग्राहक कुठे उभा असतो? रांगेच्या जवळजवळ शेवटी. कंपनीची मालमत्ता विकून जे येतं त्यातून आधी प्रक्रियेचा खर्च निघतो. मग कामगारांची देणी आणि तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँका, मग इतर कर्मचारी, मग बिनतारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी. सहलीसाठी पैसे भरणारा या सगळ्यांच्या मागे. त्याच्याकडे पावती असते, तारण काही नसतं.

याच वर्षी, सप्टेंबर २०१९मध्ये, ब्रिटनमधली थॉमस कुक बुडाली. (भारतातली थॉमस कुक तेव्हा वेगळ्या मालकीची होती, तिचा या बुडण्याशी संबंध नव्हता.) परदेशात अडकलेल्या १ लाख ४० हजारांहून अधिक प्रवाशांना तिथल्या नागरी उड्डाण यंत्रणेने विमानं भाड्याने घेऊन घरी आणलं. कारण तिथे विमानासह सहल विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक प्रवाशामागे एका संरक्षण निधीत पैसे भरावे लागतात. आपल्याकडे असा निधी नाही. प्रवाशांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणं हेही ऐच्छिक आहे. जानेवारीत भरलेला हप्ता कंपनीच्या रोजच्या व्यवहारात मिसळतो. चांगल्या कंपनीत त्यातून ऑगस्टची हॉटेलं आणि तिकिटं आरक्षित होतात, ओढाताण असलेल्या कंपनीत एप्रिलच्या सहलीची बिलं भागतात. बाहेरून हे ओळखता येत नाही.

याचा अर्थ ग्रुप टूर वाईट असा नाही. केसरीने १९८४पासून आणि वीणा वर्ल्डने २०१३पासून मराठी माणसाला परदेशाची वाट सोपी करून दिली. जेवणात वरण-भात मिळेल या एका आश्वासनावर कितीतरी आजी-आजोबांनी पासपोर्ट काढले. मुद्दा एवढाच की नाव मोठं आहे म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊन टाकण्याचं कारण नाही. ‘आजच पूर्ण भरलंत तर पंधरा हजार सूट’ ही खरं तर कंपनीने ग्राहकाकडून घेतलेल्या बिनतारण कर्जावरचं व्याज असते. ती तशीच तोलून पाहावी.

पैसे आणायचे कुठून?

समजा, लालबागच्या एका जोडप्याची सहल ६ लाखांची आहे. वर्षभर आधी ठरवून दरमहा ५० हजारांचं आरडी केलं, व्याजदर साडेसहा टक्के धरला, तर सहलीआधी मूळ रकमेवर सुमारे २१ हजार जास्त हातात येतात. तेच ६ लाख १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जातून दोन वर्षांच्या हप्त्यांवर घेतले, तर महिन्याला सुमारे २८,८०० रुपये जातात आणि व्याजापोटी ९१ हजारांच्या वर द्यावे लागतात. दोन्हींतला फरक १ लाख १२ हजारांच्या घरात. सहल तीच, जीप तीच, सिंहही तोच.

‘नो कॉस्ट ईएमआय’वर फार विसंबू नये. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठल्या तरी शुल्कात दडवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना सुनावलं होतं. आणि कर्जाचा सगळ्यात मोठा धोका व्याजात नाहीच. कर्जाचा करार बँकेशी असतो आणि सहलीचा कंपनीशी. सहल रद्द झाली, कंपनी बुडाली, तरी हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला जातच राहतो.

परळ-लालबागच्या चाळींत अजून भिशी चालते. ओळखीच्या बायकांची, वर्षानुवर्षं चाललेली भिशी असेल तर वरखर्चासाठी ती ठीक. मुख्य रकमेसाठी नको, कारण चिठ्ठी कधी निघेल ते सांगता येत नाही आणि कंपनीची शेवटची तारीख चिठ्ठीसाठी थांबत नाही. पतपेढीत पैसे साठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतपेढीतल्या ठेवीला ते नसतं.

बँक किंवा सरकारी कंपनीतल्या नोकरदारांना एलटीसीची आठवण हमखास होते. प्राप्तिकरातली सवलत फक्त देशातल्या प्रवासाला आहे. परदेशाला वळसा घालून एलटीसी घेण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये स्टेट बँकेच्या प्रकरणात बंद केला.

भरायचे कसे?

रोख सगळ्यात वाईट. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं कायद्याने मना आहे, आणि त्याहून कमी रोखीचीही पावती हरवली की पुरावा संपला. यूपीआय आणि एनईएफटीने पुरावा राहतो, पण पैसे एकदा गेले की बँक ते परत आणत नाही.

क्रेडिट कार्डाला इथे वेगळं महत्त्व आहे, आणि ते पॉइंट्समुळे नाही. ठरलेली सेवा मिळालीच नाही, तर कार्डधारक आपल्या बँकेकडे चार्जबॅक मागू शकतो. म्हणजे बँक कार्ड नेटवर्कमार्फत ती रक्कम व्यापाऱ्याच्या बँकेकडून परत मागते. त्याला मुदत असते. सेवा मिळायला हवी होती त्या तारखेपासून साधारण १२० दिवस, पण आपल्या बँकेचा नियम आधी विचारून ठेवलेला बरा. पैसे मिळतीलच अशी हमी नाही, तरी रांगेच्या शेवटी उभं राहण्यापेक्षा ही वाट पुष्कळ बरी.

काही कंपन्या कार्डावर दीड-दोन टक्के जादा मागतात. दीड लाखाच्या पहिल्या हप्त्यावर दोन टक्के म्हणजे ३ हजार. निघायला सात महिने असताना हे ३ हजार द्यावेत, तो एक प्रकारचा विमाच समजावा. निघायच्या थोडं आधीची शेवटची रक्कम, व्हिसा-तिकीट हातात आल्यावर, साध्या बँक ट्रान्सफरने भरली तरी चालते. अट एकच: कार्डाचं बिल मुदतीत पूर्ण भरता आलं पाहिजे. थकीत बिलावरचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या आसपास जातं आणि मग विमा मूळ आजारापेक्षा महाग पडतो.

पैसे कंपनीच्याच नावावर जातात ना, हे मात्र प्रत्येक वेळी बघावं. ‘माझ्या नंबरवर टाका, मी भरतो’ म्हणणारा एजंट कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या खात्यात गेलेले पैसे कंपनीला मिळाले असं सिद्ध करणं अवघड होतं.

टीसीएस कोणाच्या पॅनवर?

बिलात ५ टक्के जीएसटीखेरीज टीसीएस अशी आणखी एक ओळ असते. ती पाहून बरेच जण वैतागतात. ऑक्टोबर २०२३पासून परदेशी टूर पॅकेजवर ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के टीसीएस होता. एप्रिल २०२५पासून ही मर्यादा १० लाख झाली. २०२६च्या अर्थसंकल्पात हा दर रकमेची कुठलीही मर्यादा न ठेवता सरसकट २ टक्क्यांवर आणण्यात आला. म्हणजे ६ लाखांच्या सहलीवर आधी ३० हजार द्यावे लागायचे, तिथे आता १२ हजार.

हा खर्च नाही, आगाऊ भरलेला प्राप्तिकर आहे. वर्षाच्या शेवटी तो करातून वजा होतो किंवा परत मिळतो. गोम आहे ती पॅनमध्ये. गिरगावातल्या घरात बऱ्याचदा पैसे मुलगा भरतो आणि सहलीला आई-वडील जातात. बिलावर वडिलांचा पॅन दिला तर टीसीएस वडिलांच्या नावावर जमा होतो. त्यांचं उत्पन्न करपात्र नसेल तर त्यांनी विवरणपत्र भरल्याशिवाय ते पैसे परत येत नाहीत, आणि करपात्र उत्पन्न नाही म्हणून कोणी विवरणपत्र भरतच नाही. बुकिंग करतानाच पॅन कोणाचा द्यायचा हे ठरवलं तर ही कटकट टळते.

डॉलरची ओळ

बऱ्याच पॅकेजची किंमत ‘इतके रुपये अधिक इतके डॉलर’ अशी लिहिलेली असते. केनियात तर हे अटळ आहे. मसाई माराचं प्रवेशशुल्कच परदेशी प्रवाशाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. जुलै २०२२मध्ये डॉलरने ८० रुपये ओलांडले, डिसेंबर २०२५मध्ये ९०. तेव्हा १,५०० डॉलरचे १ लाख २० हजार व्हायचे, त्याचेच १ लाख ३५ हजार झाले. म्हणून डॉलरच्या भागाला कोणत्या दिवसाचा दर लागणार, बुकिंगच्या की शेवटच्या हप्त्याच्या, हे लेखी घ्यावं.

वरखर्चासाठी डॉलरचं फॉरेक्स कार्ड सोयीचं. भरल्या दिवशीचा दर पक्का होतो. साधं क्रेडिट कार्ड तिकडे वापरलं तर बहुतेक बँका २ ते साडेतीन टक्के जादा लावतात. दुकानातलं मशीन ‘रुपयांत भरायचं का?’ असं विचारतं तेव्हा नाही म्हणावं. तो दर दुकानाच्या बाजूने ठरलेला असतो. टिपसाठी थोडे रोख डॉलर लागतातच. एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी ३ हजार डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. त्या रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या दुकानातून, पावतीसह घ्याव्यात. जुन्या, चुरगळलेल्या नोटा तिकडे अनेक जण घेत नाहीत.

आणि यलो फीव्हरची लस. केनियाहून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर इकडच्या विमानतळावरच विलगीकरणात जावं लागू शकतं. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. पॅकेजच्या किमतीत ती धरलेली नसते.

बिनसलंच तर?

कंपनी चालू आहे पण पैसे देत नाही, असं असेल तर आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे गिरगाव-लालबागकरांना कंपनीच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. परळच्या जनरल नागेश मार्गावर पुरवठा भवनात हे कामकाज चालतं. ५ लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर मात्र जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत, पावत्यांसह, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा नोंदवावा लागतो. व्हॉट्सॲपवर ‘पेमेंट रिसीव्ह्ड, थँक यू’ एवढंच असेल तर तो दावा लंगडा पडतो. पॅकेजमध्ये काय आहे, कोणत्या तारखेला किती भरले आणि रद्द झालं तर किती परत, हे कंपनीच्या शिक्क्यानिशी पहिल्याच हप्त्याला मागून घ्यावं.