आशाताई ही दवाखान्याचा निरोप्या नव्हे

बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झाले, डॉक्टरांनी तपासून बाळ घरी सोडले, आता आशाताई येते ती वजन करून कागद भरायला, असा समज राजगुरुनगरात काय किंवा चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत काय, चांगलाच रुजलेला आहे. तो चुकीचा का, हे तारखांवरूनच कळते. नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी बहुतांश पहिल्या आठवड्यातले असतात, आणि साधे बाळंतपण झालेली आई दोन-तीन दिवसांत घरी पोचलेली असते. म्हणजे धोक्याच्या दिवसांतले बरेच दिवस डॉक्टर आणि नर्स यांच्या नजरेआड जातात. म्हणूनच 2011 पासून देशभर सुरू झालेल्या नवजात बालकांच्या गृहभेटींत दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठीही तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे सहा दिवस ठरवून दिले आहेत.

या कार्यक्रमाचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाला होता. बाळाला जंतुसंसर्ग झाल्यास आरोग्यदूत प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई म्हणजे जिवाशी खेळ, हा आक्षेप रास्त वाटतो. पण जंतुसंसर्ग झालेल्या दर शंभर बाळांमागे मृत्यू सुमारे 17 वरून तिनाच्या खाली आले. याचे श्रेय एकट्या सुईला देऊ नये. डॉक्टर ठरावीक दिवसांनी गावात येऊन नोंदी पडताळत, चुका दुरुस्त करत. आरोग्यदूताचे निरीक्षण आणि डॉक्टरांची पडताळणी, दोन्ही असल्याशिवाय हे आकडे दिसले नसते.

यावर कोणी म्हणेल, गडचिरोलीत दवाखाना लांब होता, इथे तर चांडोलीचे ग्रामीण रुग्णालय जवळच आहे. पण दवाखाना जवळ असून भागत नाही, बाळाला कधी न्यायचे हे कोणाला तरी कळावे लागते. कारखान्यांमुळे आलेल्या जोडप्यांच्या घरी सासू किंवा आई असतेच असे नाही. बाळ ओढून पीत नाही, रडणे क्षीण झाले, हातपाय गार लागतात, ही लक्षणे पहिलटकरणीला ‘झोपाळू आहे’ अशी वाटू शकतात. आशाताई घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते; साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते. तेवढेच भरले, तर मात्र दिवस उजाडायची वाट पाहायची नसते.

खरी अडचण आहे ती माहितीच्या परतीच्या वाटेची. बाळाचे वजन अडीच किलोच्या आत होते, हे डिस्चार्ज कार्डावर असते. पण आशाताईला ते कोणी सांगितले नाही, तर जादा काळजीचे बाळ तिच्या वहीत इतरांसारखेच राहते. तिने पाठवलेल्या बाळाचे पुढे काय झाले हे डॉक्टरांनी कळवले नाही, तर पुढच्या वेळी तिची पारख सुधारणार कशी? त्यात ती पगारी नाही. या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर बाळामागे 250 रुपये हा ठरलेला मोबदला. एवढ्या पैशांत अचूकपणा मागायचा आणि तिचे म्हणणे मात्र ऐकून घ्यायचे नाही, हे न्यायाचे नाही.

तेव्हा आशाताई दारात आली की दवाखान्याचे सगळे कागद तिच्यापुढे ठेवा, आणि तिने दिलेली चिठ्ठी डॉक्टरांना न विसरता दाखवा.