ख्रिस्ती भक्तिसाहित्याची वाट : भाग ५
पेत्राचे अश्रू, यहूदाची निराशा

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या साधूने तिथल्या विरक्तांचं एक दुखणं टिपून ठेवलं आहे. भर दुपारी सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, कोठडी खायला उठते, प्रार्थना नकोशी होते, कुठेतरी निघून जावंसं वाटतं. ग्रीकमध्ये त्याने याला 'अकेडिया' म्हटलं आणि आठ दुष्ट विचारांत धरलं. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने यादी सातावर आणली, तेव्हा अकेडिया 'दुःखा'त मिसळून गेली. पुढे ती यादीत परतली आणि तिचा अर्थ हळूहळू नुसता 'आळस' असा उरला. आतून खचलेल्या माणसाला आळशी ठरवणारा हा बदल मला फार निर्दय वाटतो.

निराशा मात्र याहून भयंकर मानली गेली. येशूच्या शिष्यांपैकी यहूदाने त्याला धरून दिलं, पेत्राने त्याला तीनदा नाकारलं. पेत्र रडला आणि परतला. यहूदाने क्षमेची आशाच सोडली. सिएनाच्या कॅथरीनने १३७०च्या दशकात लिहिलेल्या 'संवादा'त देव स्वतः सांगतो, की यहूदाची निराशा त्याच्या विश्वासघाताहून मोठं पाप होती. हा ग्रंथ तिच्या तोंडच्या तोस्कान बोलीत आहे, लॅटिनमध्ये नाही.

त्याच काळात, मे १३७३ मध्ये, इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या ज्युलियनला आजारपणात दर्शनं झाली. त्यातलं एक मला सर्वांत खरं वाटतं. आनंद आणि जडपणा तिच्यावर आळीपाळीने, जवळजवळ वीस वेळा, येऊन गेले. आनंदात तिच्या तोंडी, ख्रिस्ताच्या प्रेमापासून आपल्याला काहीच तोडणार नाही, ही प्रेषित पौलाची खात्री होती, जडपणात बुडणाऱ्या पेत्राची 'प्रभू, मला वाचव' ही हाक. आणि हे पाप केल्याची शिक्षा म्हणून घडलं नाही, असंही ती स्पष्ट सांगते. निराशेकडे गुन्हा म्हणून न पाहता दुखणं म्हणून पाहण्याचं हे धाडस तिने लॅटिन सोडून घरच्या इंग्रजीत केलं.

पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणातल्या जैनथ-बेल्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला घरच्या भाषेचं हे मर्म समजावून सांगावं लागत नाही. कचेरीचा कागद तेलुगूत असतो, पण विठ्ठलाशी भांडायचं तर तुकोबांची मराठीच हवी.

मराठीत हा पेत्र-यहूदाचा प्रसंग ओवीत आणला फादर थॉमस स्टीफन्सने. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. जुनी पुराणं हिरावली गेलेल्या साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांनी त्यांच्या जागी दुसरं पुराण मागितलं, त्यातून त्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापून निघालं. रोमन लिपीत, पण भाषा मराठी. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटने तर १६२९ ते १६३४ या काळात एकट्या पेत्रावर अख्खं ओवीबद्ध मराठी पुराण रचलं. रडून परतणारा माणूस मराठी श्रोत्याला जवळचा वाटेल, हे त्याने नक्की ओळखलं असावं.

पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून सर्वांनी पोर्तुगीज बोलावं. ओव्या मात्र ख्रिस्ती घरांतून गायल्या जात राहिल्या, आणि १९०७ मध्ये 'क्रिस्तपुराण' मंगळूरला पुन्हा छापलं गेलं. ला क्रुआच्या पेत्राकडे पुढच्या आठवड्यात वळू.